मीटर नसलेलं घर

आमच्याकडे पहिल्यांदा येणारी बाई चहाचा कप खाली ठेवते, चारी भिंतींवरून नजर फिरवते आणि हमखास विचारते, "अहो, पण तुमचा मीटर कुठाय?"

मीटर नाही. पुण्यात, सदाशिव पेठेत, रस्त्यावरच्या तारा हाताला लागतील इतक्या जवळून जात असताना आमच्या घरात त्या तारेची वीज नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोठं तत्त्व असणार. माझा भाचा तर मित्रांना घेऊन येतो आणि "माझी मावशी ऑफ-ग्रिड राहते" असं कौतुकानं सांगतो. मी आपली गप्प बसते. तत्त्व-बित्त्व काही नव्हतं हो. एक सही मिळाली नाही, इतकंच कारण होतं.

सासरे २०१४ साली गेले. वाड्याची वाटणी व्हायला चार वर्षं लागली. पुढचा भाग, म्हणजे दिवाणखाना आणि वरचा मजला, मोठ्या भाऊजींकडे गेला. आमच्या वाट्याला मागच्या चौकातली कोठीची खोली, तिच्यालगतची पडकी मोरी आणि आड असलेला कोपरा आला. सगळं मिळून अर्ध्या गुंठ्यालाही कमी. चौकातला नळ सामाईक राहिला. मी तेव्हा रडले होते, ते लपवत नाही. तेहतीस वर्षं त्या वाड्यात राबले आणि वाट्याला आली कोठी! हे मात्र म्हणाले, "आड आलाय की आपल्या वाट्याला." मला त्यांचं ते बोलणं अगदी वेड्यासारखं वाटलं होतं.

कोठी पाडून बांधायची ठरली. नकाशा मंजूर व्हायला आठ महिने गेले. विजेचा मीटर सासऱ्यांच्या नावावर, पुढच्या बोळात. वेगळा मीटर हवा तर दुसऱ्या हिस्सेदाराची संमती आणा, असं आम्हांला सांगण्यात आलं. ह्यांनी कागद नेला. भाऊजी म्हणाले, "ठेव, बघतो." तीन वेळा गेले, तीनदा तेच उत्तर. चौथ्यांदा जायची वेळ आली तेव्हा हे चपला घालता घालता थांबले, चपला पुन्हा काढल्या आणि म्हणाले, "नकोच तो मीटर."

वकिलाकडे गेलो असतो तर मार्ग निघालाही असता. पण सख्ख्या भावाला नोटीस पाठवायची ह्यांची तयारी नव्हती आणि पुन्हा दारात जायचीही नव्हती. पुरुषांचा मानी स्वभाव बायकांना फार महाग पडतो. पंखा, मिक्सर, फ्रीज, इस्त्री, सगळं माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेलं.

एक बरं होतं. लहान घराची मला भीती नव्हती. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली आणि आम्ही सात माणसं. पुढे इंजिनिअरनं जेव्हा सांगितलं, की राहत्या खोलीला निदान साडेनऊ चौरस मीटर जागा हवी, तेव्हा मी मनात हिशेब केला. म्हणजे शंभर-एकशेदोन चौरस फूट. आमची गिरगावची खोली नियमात चक्क बसत होती की! फक्त तिच्यात किती माणसं बसवायची, याचा नियम नव्हता.

त्या खोलीनं मला एक शिकवलं. लहान घर हे त्याच्या बाहेरच्या जागेवर चालतं. आमच्या खोलीपुढे गॅलरी होती म्हणून आम्ही सात जण माणसांत राहिलो. आजी गॅलरीत तांदूळ निवडायची, भाऊ जिन्यात अभ्यास करायचा, आई सांजवेळी कठड्याशी उभी राहून पाच मिनिटं एकटी असायची. गॅलरी काढून घेतली असती आणि तेवढीच जागा आत दिली असती, तर आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या. म्हणून मी इंजिनिअरला निक्षून सांगितलं, आतली जागा कमी झाली तरी चालेल, पण मला दारापुढे पाच फुटांचा ओटा हवा.

घर आतून चौदा बाय सोळा. बाहेरची खोली चौदा बाय साडेआठ, मागे आठ बाय सातचं स्वयंपाकघर, उरलेल्यात न्हाणी-संडास. स्वयंपाकघराची आणि न्हाणीची उंची सात फूट ठेवून वर चार फुटांचा माळा काढला. गाद्या, पापडाचे डबे, गणपतीचं मखर, ह्यांची जुनी पुस्तकं असा सगळा संसार त्या माळ्यावर आहे. बाहेरच्या खोलीची उंची मात्र पूर्ण अकरा फूट ठेवली. लहान खोलीचं छत खाली आलं, की माणूस डब्यात बसल्यासारखा होतो. उंचीला जास्तीची जमीन लागत नाही, चार विटा जास्त लागतात.

विटांचीही एक गंमत आहे. केरळात लॉरी बेकर म्हणून एक वास्तुशिल्पी होऊन गेले. जन्मानं इंग्रज, पण हयात भारतात गेली. २००७ साली वारले. गरिबाला परवडेल असं घर कसं बांधावं याचाच त्यांनी जन्मभर विचार केला. त्यांच्या पद्धतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात आणि भिंतीच्या पोटात पोकळी राहते. साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात, आणि मधल्या हवेमुळे बाहेरचं ऊन आत लवकर उतरत नाही. आमच्या इंजिनिअरला ही पद्धत ठाऊक होती. गवंडी मात्र पहिल्या दिवशी थापी खाली ठेवूनच बसला. "वहिनी, विटा उभ्या करून कुठं भिंत होती काय?" चार थर झाल्यावर त्यानं स्वतः भिंतीवर चढून नाचून पाहिलं, मग गप्प झाला. स्लॅबमध्येही जुन्या मंगलोरी कौलांची भर घातली, तेवढं काँक्रीट वाचलं. कोठीचं सागवानी दार आणि दोन खिडक्या घासूनपुसून पुन्हा बसवल्या. पश्चिमेची वाड्याची जाड जुनी भिंत तशीच ठेवली. तिच्यात छताजवळ दोन झरोके आणि समोर पूर्वेला खाली मोठी खिडकी. गरम हवा वरून निघून जाते, गार खालून आत येते. एप्रिलमध्ये दुपारी फरशीवर पडून बघा, मी काय म्हणते ते कळेल.

आता विजेचं सांगते, कारण बायकांचे सगळे प्रश्न तिथेच असतात.

छतावर ३३० वॉटच्या दोन सौर पट्ट्या, दक्षिणेकडे तोंड करून, थोड्या कलत्या. माळ्यावर दीडशे अँपियर-तासांच्या दोन बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. त्या वेळी सत्तर हजारांच्या आसपास खर्च आला. चांगलं ऊन असलं तर दिवसाला अडीच युनिट वीज मिळते. तुमच्या बिलावर महिन्याची युनिटं लिहिलेली असतात, ती तीसनं भागून बघा म्हणजे अडीच युनिट म्हणजे किती ते कळेल.

मी आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या एकेका वस्तूच्या पाठीवरचा कागद वाचला. पाच एलईडी दिवे, नऊ-नऊ वॉटचे. पूर्वीचा पंखा पंचाहत्तर वॉट खायचा, तो काढून अठ्ठावीस वॉटचा नवा घेतला, असे दोन. १७० लिटरचा साधा फ्रीज. लहान टीव्ही. हे सगळं मिळून दोन युनिटांत बसतं. गिझर नाही, त्याचा विचारही करायचा नाही. पाणी तापवायला गॅस आहे. इस्त्री हजार वॉटची, म्हणून ती भर दुपारी बाराला, आणि तेव्हा मिक्सर लावायचा नाही. एकदा चटणी वाटायला आणि ह्यांच्या शर्टाला एकच वेळ झाली. फ्रीजही तेव्हाच सुरू झाला असावा, कारण इन्व्हर्टरनं टुँ टुँ करून सगळं घर बंद केलं.

हळूहळू घराचं वेळापत्रक सूर्यावर आलं. वाटणघाटण, इस्त्री, मोबाइल चार्ज करणं, सगळं दहा ते तीन. तीननंतर शेजारच्या पाच मजली इमारतीची सावली आमच्या छतावर येते. पट्टीच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी वीज फार उतरते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आणि पुण्यातली कबुतरं! दर रविवारी हे शिडीवरून वर जातात आणि ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसतात. चार-पाच आठवड्यांनी बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालायचं, तेही त्यांचंच काम. मानी स्वभावाची एवढी किंमत त्यांनीही मोजायला नको का?

स्वयंपाक गॅसवर आणि सूर्यचुलीवर. आठवतेय ना ती पेटी, आरशाचं झाकण असलेली? किती तरी घरांत हौसेनं आली आणि माळ्यावर गेली. माळ्यावर जायचं कारण असं, की ती गच्चीवर ठेवायची आणि बाईनं तीन जिने चढून जायचं. आमच्याकडे ओट्यावर अकरापासून ऊन असतं, तिथेच दाराशी ती पेटी आहे. बाहेरून काळ्या केलेल्या, झाकणाच्या पसरट डब्यांतून भिजवलेली तूरडाळ आणि तांदूळ अकराला ठेवायचे, तासाभरानं पेटी उन्हाकडे फिरवायची, दीडला जेवायचं. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, नाहीतर भात गिच्च होतो. शेंगदाणे तर तिच्यात असे भाजतात, की एक दाणा काळा पडत नाही. पोळ्या आणि फोडणी तिच्याकडून होत नाही, ढगाळ दिवशी काहीच होत नाही. तरी गॅसचा सिलिंडर पूर्वीपेक्षा दीड महिना जास्त जातो.

आणि आता आड. मी ज्याला वेड्यासारखं बोलणं म्हटलं होतं, ते.

जुन्या पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून नळानं पाणी आणलं होतं आणि ते गावातल्या हौदांना खेळवलं होतं. पण सगळ्याच वाड्यांना ते मिळत नव्हतं, म्हणून परसात आड असायचे. आमचाही तसाच. नळ आल्यावर त्याच्यावर फरशी टाकली आणि फरशीवर सायकली.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. फरशी काढायचं ठरलं त्या दिवशी त्या आडाशी खुर्ची टाकून बसल्या आणि मला पानशेतची गोष्ट सांगितली. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आमचा वाडा उंचावर, म्हणून वाचला. पण नळ बंद आणि दिवेही नाहीत. "भाऊ तीन वर्षांचा होता. ह्या आडावर तेव्हा रांग लागली होती गं. शनवारातल्या, नारायणातल्या बायका हंडे घेऊन यायच्या. मी आणि तुझे सासरे आळीपाळीनं रहाट ओढायचो. कुणाला नाही म्हटलं नाही."

दोन माणसं लावून आड उपसला. गाळ, तुटके बोळके, एक पितळी पळी आणि कितीतरी गोट्या निघाल्या. पाणी आलं, पण ते पिण्याचं नाही. पेठेतल्या जमिनीखालून काय काय वाहत असतं ते देव जाणे. संडासाला, कपड्यांना, झाडांना ते वापरतो. पिण्याचं पाणी सकाळी चौकातल्या नळाचंच.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही मी वहीत केला. सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छत तेवीस चौरस मीटर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटर धरा. सोळा हजार लिटर झाले, त्यातलं उडून-वाहून जाणारं वजा जाता तेरा हजार. ऐकायला किती छान! पण तीन माणसांना दिवसाला अडीचशे लिटर धरले, तर बावन्न दिवसांत संपले. म्हणजे जे कोणी सांगतात, की शहरातलं छोटं घर पावसावर वर्षभर जगेल, त्यांनी बालदी हातात धरून कपडे धुतलेले नसावेत. आम्ही हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवल्या, बाकीचं पाणी वाळू-कोळशाच्या पिंपातून गाळून आडात सोडतो. पहिल्या पावसाचं मात्र नाही, ते कबुतरांची सगळी घाण घेऊन येतं. न्हाणीचं पाणी ओट्याच्या कडेला कर्दळीत आणि अळवात. सासूबाई म्हणाल्या, "यात नवं काय? मोरीच्या पाण्यावर अळूच असतं." संडासाची नळी गटारालाच जोडलेली आहे. शहरात ते तसंच हवं.

२०१९ च्या दसऱ्याला राहायला आलो. सासूबाई कुणाकडे राहणार हा प्रश्न होता. पुढच्या घरात त्यांना स्वतंत्र खोली होती. त्यांनी आपलं बोचकं उचललं आणि आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पलंगावर ठेवलं. "इथून आड दिसतो," म्हणाल्या. जाऊबाईंना ते फार लागलं. दोन्ही घरांतलं बोलणं जे बंद झालं ते अगदी पूर्ण बंद. चौकातल्या नळावर मी असले की त्या आत जायच्या, त्या असल्या की मी. पाच पावलांचं अंतर, आणि दिवाळीच्या फराळाचं ताटसुद्धा गेलं नाही की आलं नाही.

मग टाळेबंदी आली आणि जूनची ३ तारीख. २०२० चं निसर्ग वादळ. ते अलिबागेजवळ किनाऱ्याला लागलं, पण पुण्यातसुद्धा सकाळपासून वारा असा घोंघावत होता, की ओट्यावरची सूर्यचूल मी आत घेतली. गावात ठिकठिकाणी झाडं पडली. दुपारी आमच्या आळीतले दिवे गेले. आमचे नाही गेले, पण आमच्याही पट्ट्यांना दिवसभर ऊन नव्हतं. संध्याकाळी बॅटरी निम्म्याच्या जरा वर होती.

रात्री आठला दार वाजलं. जाऊबाई. डोक्यावर इरलं घेतल्यासारखी प्लॅस्टिकची पिशवी, हातात स्टीलचा डबा.

"अगं, ह्यांचं इन्सुलिन आहे," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "टाळेबंदी म्हणून दोन महिन्यांचं आणून ठेवलंय. फ्रीज बंद पडून सहा तास झाले. तुझ्याकडे..."

पुढे त्यांना बोलवेना. मी डबा घेतला. मी काही मोठ्या मनाची बाई नाही, खरं सांगते. डबा हातात घेताना माझ्या मनात पहिल्यांदा ती सहीच आली. मग भाऊजींचा सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेणारा चेहरा आला. डबा फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवला, बर्फाच्या कप्प्यापासून लांब, कारण इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं.

रात्रभर फ्रीज चालवायचा तर बाकी सगळं बंद करावं लागणार होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी काही न बोलता उठून आधी टीव्ही बंद केला, मग दिवे, एकच ठेवला. शेवटी स्वतःच्या डोक्यावरचा पंखा. जूनचा उकाडा, बाहेर पाऊस. सासूबाईंनी अंधारातून विचारलं, "काय रे, वीज गेली का?" हे म्हणाले, "नाही आई. दादाचं औषध आहे फ्रीजमध्ये." त्या म्हणाल्या, "बरं," आणि पदरानं वारा घेत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आळीत वीज नव्हती. सकाळी ऊन पडलं तेव्हा मी देवाला हात जोडावेत तसे त्या पट्ट्यांना जोडले. जाऊबाई दोनदा आल्या, एकदा डबा बघायला आणि एकदा नातवाचा मोबाइल चार्ज करायला, त्याची ऑनलाइन शाळा सुरू होती. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आत येऊन बसल्या. मी चहा टाकला. त्यांनी भिंतीकडे बघितलं, माळ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "गार आहे गं तुझं घर." बस, तेवढंच. भाऊजी आले नाहीत.

तेव्हापासून बोलणं सुरू झालं. फराळाचं ताट जातं-येतं. २०२२ साली सासूबाई त्याच खिडकीखालच्या पलंगावर गेल्या. दहा दिवस दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र झाला. तेव्हा भाऊजी आमच्या ओट्यावर बसायचे, आत येत नव्हते. पण रोज बसायचे.

आता नवी अडचण आहे. २०१९ च्या बॅटऱ्या २०२४ च्या पावसाळ्यात थकल्या. त्या आधीही जुलै-ऑगस्टात ढग दाटले, की आम्ही दोन-दोन दिवस फ्रीज बंद ठेवायचो आणि दूध दोनदा तापवायचो. पण आता बॅटऱ्या रात्री दोनलाच दम टाकू लागल्या. नव्या घ्यायच्या तर चाळीस हजारांच्या घरात खर्च. लिथियमच्या जास्त वर्षं टिकतात, पण त्यांची किंमत ऐकून हे दुकानातून तसेच परत आले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारची सूर्यघर योजना आली. छतावर सौर पट्ट्या बसवल्या तर दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे तीस हजार रुपये अनुदान, तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार. शेजारणींनी मला बातमीची कात्रणं आणून दिली. पण ते अनुदान विजेच्या तारेला जोडलेल्या घरांना आहे. दिवसा जादा झालेली वीज तारेत सोडायची, रात्री परत घ्यायची, बॅटरीची कटकट नाही. म्हणजे मीटर हवाच.

मी म्हणते, घ्यावा. वय वाढतंय, शिडीवर चढून पट्ट्या पुसायला हे काही कायम पुरणार नाहीत. हे म्हणतात, तारेला जोडलेली साधी यंत्रणा गावातली वीज गेली की आपणही बंद पडते, तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. "निसर्ग वादळाच्या रात्री फ्रीज बंद पडला असता," ते म्हणतात. हे खरं आहे. मी चौकशी करून आले. बॅटरीही ठेवायची आणि तारही जोडायची, असा तिसरा मार्ग आहे, पण त्याला खर्च दोन्हींचा.

मागच्या आठवड्यात जाऊबाई चकल्यांचा डबा घेऊन आल्या. डब्यावर एक घडी घातलेला कागद होता. मला वाटलं, चकल्यांना खाली लावायला घेतलेला. त्यांच्या देखत उघडला नाही, त्या गेल्यावर उघडला. संमतिपत्र. सात वर्षांपूर्वीचं तेच, कडा पिवळ्या झालेलं, खाली भाऊजींची सही आणि कालची तारीख.

हे बाहेरून आल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. मग उठून माळ्याच्या शिडीशी गेले, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन उचलला, त्याच्याखाली कागद सरकवला आणि म्हणाले, "चकल्या कशा झाल्यात वहिनींच्या?"

कागद अजून कॅनखालीच आहे. रविवारी पट्ट्या पुसायच्या आहेत.